९० व्या मिनिटाला दुसरा, ९१ व्या मिनिटाला चौथा: फुटबॉलच्या साखळी फेरीचं गणित

१४ जानेवारी २०१९. शारजात आशियाई चषकाचा भारत-बहरीन सामना ९० मिनिटं गोलशून्य चालला होता. त्याच वेळी अल ऐनला यूएई आणि थायलंड १-१ वर होते. घड्याळ तिथंच थांबलं असतं तर भारत गटात दुसरा येऊन बाद फेरीत गेला असता. पण भरपाई वेळेच्या पहिल्या मिनिटाला बहरीनला पेनल्टी मिळाली, जमाल राशिदने गोल केला आणि भारत दुसऱ्यावरून चौथ्यावर आला. तिसऱ्यावरही नाही, थेट तळाला. भारताची स्पर्धा तिथंच संपली.

एका गोलात दोन पायऱ्या कशा घसरल्या? आणि त्या दिवशी गटात दुसरा कोण आला, तर थायलंड. त्याच थायलंडला भारताने पहिल्या सामन्यात ४-१ असं धुतलं होतं. हे कोडं सुटलं की विश्वचषकाच्या साखळी फेरीतलंही बरंचसं उलगडतं. २०२६ पासून विश्वचषकात ३२ ऐवजी ४८ संघ आले आणि बरोबरी सोडवण्याच्या नियमांचा क्रमही बदलला. नेट रनरेटवर पोसलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकांच्या गोंधळात त्याने भरच पडली.

आधी रचना

चार संघांचा एक गट. प्रत्येक संघ उरलेल्या तिघांशी एकेकदा खेळतो, म्हणजे गटात सहा सामने. ही साखळी फेरी. इथं एक सामना हरला तरी पुढचा असतो. त्यानंतर बाद फेरी, तिथं हरला तो घरी. साखळीत जिंकल्यास ३ गुण, बरोबरीला १, हरल्यास शून्य. भरपाई वेळ संपली की सामना संपला. जादा वेळ नाही आणि पेनल्टी शूटआउटही नाही.

४८ संघांचे १२ गट होतात, साखळीचे ७२ सामने होतात. प्रत्येक गटातले पहिले दोन, म्हणजे २४ संघ, थेट पुढे जातात. बारा गटांतल्या बारा तिसऱ्या संघांपैकी सर्वोत्तम आठही जातात. झाले ३२. तिसऱ्या क्रमांकाची लढत धरून बाद फेरीचे ३२ सामने, असे एकूण १०४.

कोणता संघ कोणत्या गटात हे सोडतीने ठरतं. यजमान देश पहिल्या पॉटमध्ये, बाकीचे मानांकनानुसार, असे बारा-बारा संघांचे चार पॉट केले जातात आणि प्रत्येक गटात प्रत्येक पॉटमधला एक संघ पडतो. एका खंडाचे दोन संघ एका गटात येत नाहीत. युरोपचे १६ संघ असल्यामुळे त्यांना तेवढी सवलत आहे, पण तीही दोनच संघांपर्यंत.

आता एक खटकणारा हिशेब. जुन्या ३२ संघांच्या पद्धतीत साखळीच्या ४८ सामन्यांत १६ संघ गळायचे. आता ७२ सामने खेळूनही गळतात ते १६च. चोवीस सामने वाढले आणि चाळणी होती तेवढीच राहिली.

विजयाला तीन गुण का?

पूर्वी दोनच होते. तेव्हा दोन बरोबऱ्या म्हणजे एक विजय, त्यामुळे जरा बलाढ्य संघ समोर आला की गोलसमोर दहा जण उभे करून ०-० काढायचं, हा सरळ व्यवहार होता. इंग्लंडच्या लीगने १९८१ मध्ये विजयाचे तीन गुण केले, विश्वचषकात ते १९९४ पासून आले. आता एक विजय आणि एक पराभव (३ गुण) हे दोन बरोबऱ्यांपेक्षा (२ गुण) जास्त भरतं.

याचा फटका कोणाला बसतो ते २०१० मध्ये दिसलं. न्यूझीलंड त्या विश्वचषकात एकही सामना हरला नाही. इटलीसह तिघांशीही बरोबरी केली, तीन गुण मिळवले आणि गाशा गुंडाळला. विजेता स्पेन मात्र पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून हरला होता. अख्ख्या स्पर्धेत एकदाही न हरलेला संघ तो एकच, आणि तो साखळीतच बाद.

गुण सारखे झाले की पुढं काय?

आता २०१९ च्या आशियाई चषकातल्या भारताच्या गटाचा, म्हणजे अ गटाचा, अंतिम तक्ता पाहा. शेवटचे आकडे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांचे:

यूएई: ५ गुण, ४-२
थायलंड: ४ गुण, ३-५
बहरीन: ४ गुण, २-२
भारत: ३ गुण, ४-४

केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा केले की जे उरतं तो गोलफरक. बहरीनचा गोलफरक शून्य, थायलंडचा उणे दोन. तरी थायलंड वर. कारण आशियाई चषकात गुण सारखे झाले की आधी त्या दोघांमधला सामना बघतात, आणि तो थायलंडने १-० असा जिंकला होता. गोलफरकाची वेळच आली नाही.

भारत-बहरीन बरोबरीत सुटला असता तर? बहरीनचे दोनच गुण राहिले असते. भारत आणि थायलंड दोघेही चार गुणांवर, आणि आपसातला सामना भारताने ४-१ जिंकलेला. म्हणजे भारत दुसरा, थायलंड तिसरा, बहरीन चौथा. राशिदच्या गोलाने भारताचा एक गुण गेला आणि बहरीनला दोन जादा मिळाले. खालच्या तिन्ही जागा एका फटक्यात फिरल्या. साखळीतला गोल नुसता सामन्याचा निकाल बदलत नाही, तो सगळा तक्ता हलवतो.

विश्वचषकात २०२२ पर्यंत याच्या उलट क्रम होता. आधी सर्व सामन्यांचा गोलफरक, मग एकूण गोल, त्यानंतर आपसातला निकाल. २०२६ पासून फिफानेही आपसातला निकाल वर आणला. आता क्रम असा: बरोबरीतल्या संघांच्या आपसातल्या सामन्यांतले गुण, त्याच सामन्यांतला गोलफरक, त्याच सामन्यांतले गोल. तरी सुटलं नाही तर सर्व सामन्यांचा गोलफरक, एकूण गोल, मग शिस्तीचे गुण (पिवळ्या-लाल कार्डांचा हिशेब, तो पुढं येईल), आणि शेवटी फिफा मानांकन.

‘समोरासमोर जिंकला तो वर’ हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण त्याची किंमत आहे. समजा, एक संघ पहिले दोन सामने जिंकून सहा गुणांवर आहे, उरलेल्यांपैकी एकालाच सहापर्यंत पोचता येईल आणि त्याला या संघाने आधीच हरवलंय. मग पहिला क्रमांक शेवटच्या सामन्याआधीच पक्का. प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना बाकावर बसवतो आणि त्याचा तिसरा प्रतिस्पर्धी फुकटचा फायदा उठवतो. गोलफरक आधी मोजला तर शेवटच्या मिनिटापर्यंत गोल करत राहावं लागतं. माझा कौल जुन्या क्रमालाच.

तिघे सारखे आले तर?

खरं घोडं इथं अडतं. समजा, नाशकातल्या एका स्पर्धेत पंचवटी, सिडको, नाशिकरोड आणि देवळाली असा गट आहे. देवळालीला तिघांनीही हरवलं: पंचवटीने ३-०, सिडकोने ५-०, नाशिकरोडने १-०. बाकी निकाल असे: पंचवटीने सिडकोला १-० हरवलं, सिडकोने नाशिकरोडला २-१, नाशिकरोडने पंचवटीला २-१. तिघांचेही सहा-सहा गुण.

आधी सरसकट गोलफरक लावू. सिडको ७-२, म्हणजे अधिक पाच. पंचवटी ५-२, अधिक तीन. नाशिकरोड ४-३, अधिक एक. सिडको पहिला, पंचवटी दुसरा, नाशिकरोड तिसरा.

आता आपसातले निकाल आधी लावू. देवळालीविरुद्धचे सामने बाजूला काढायचे आणि तिघांचाच छोटा तक्ता करायचा. प्रत्येकाचा एक विजय, एक पराभव, तीन-तीन गुण. गोल: पंचवटी २-२, सिडको २-२, नाशिकरोड ३-३. गोलफरक तिघांचाही शून्य. पण केलेल्या गोलांत नाशिकरोड पुढं, म्हणून नाशिकरोड पहिला! मघाशी तिसरा होता तोच.

दुसरा कोण, इथं तर भांडणाला पूर्ण वाव आहे. उरलेल्या दोघांसाठी पुन्हा आपसातला निकाल बघायचा, तर पंचवटी. तो प्रश्न संपला असं मानून पुढच्या कलमावर, म्हणजे एकूण गोलफरकावर जायचं, तर सिडको. नियमपुस्तिकेत ‘आपसातला निकाल’ एवढंच लिहिलं असेल आणि ‘उरलेल्या संघांसाठी पुन्हा लावायचा की नाही’ हे लिहिलं नसेल, तर दोन्ही कर्णधारांचं म्हणणं बरोबर ठरतं आणि पंचांचं डोकं फिरतं.

सहा गुण मिळवूनही संघ तिसरा येऊ शकतो हेही इथंच दिसलं. सात गुण झाले तर पहिल्या दोनातली जागा नक्की.

तिसऱ्यालाही पुढं नेणार? मग साखळीला अर्थ काय?

तिसरा संघ म्हणजे पंचवटी एक्सप्रेसचं वेटिंग तिकीट. तुमचं काम तुम्ही केलंय, आता चार्ट लागेपर्यंत दुसऱ्यांचं काय होतं ते बघत बसायचं. २०२४ च्या युरोत, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेत, हंगेरीने २३ जूनला स्कॉटलंडविरुद्ध १०० व्या मिनिटाला गोल करून तीन गुण मिळवले. पुढचे तीन दिवस ते इतर गटांचे निकाल मोजत राहिले. २६ जूनला जॉर्जियाने पोर्तुगालला २-० हरवलं आणि हंगेरीचं नाव यादीतून गेलं.

तिसऱ्या संघांची तुलना करताना आपसातल्या निकालाचा प्रश्नच येत नाही, कारण ते एकमेकांशी खेळलेलेच नसतात. गुण, गोलफरक, गोल, शिस्तीचे गुण, मानांकन, बस्स. म्हणून तिसऱ्या जागेवर असलेल्या संघाला ०-३ असं हरतानाही एक गोल परत फेडणं फार मोलाचं असतं.

किती गुण पुरतात? २४ संघांच्या युरोत सहातले चार तिसरे पुढं जातात, विश्वचषकात बारातले आठ. प्रमाण एकच. २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही युरोत चार गुण असलेला तिसरा संघ एकदाही बाहेर पडला नाही. तीन गुणांवर मात्र नशिबाचा खेळ. पण ही हमी तिसऱ्याची आहे, चौथ्याची नाही. २०२४ च्या ई गटात चारही संघांचे चार-चार गुण झाले, युक्रेन गोलफरकात शेवटचा आला आणि त्याचा पत्ता कट झाला.

टीकाकार म्हणतात की यामुळे बड्या संघांना चुका परवडतात. खरं आहे. पोर्तुगालने २०१६ च्या युरोत तीनपैकी तीन सामने बरोबरीत सोडवले, तिसऱ्या क्रमांकावरून पुढं सरकला आणि विजेता झाला. न्यूझीलंडचेही २०१० मध्ये तेवढेच तीन गुण होते, पण तेव्हा तिसऱ्याला दार बंद होतं. दुसरी बाजू अशी की पहिले दोन सामने हरलेल्या संघालाही तिसऱ्या सामन्यात खेळण्यासारखं काही उरतं. भारतासारख्या देशासाठी हे दार उघडं असणं बरंच आहे.

बारापैकी कोणते आठ तिसरे येतील याच्या ४९५ शक्यता आहेत. कोणत्या गटाचा तिसरा कोणत्या गटविजेत्यासमोर येईल हे प्रत्येक शक्यतेसाठी आधीच ठरलेलं असतं, ऐनवेळी कोणी बसून जोड्या लावत नाही. आठ गटविजेत्यांना तिसऱ्यांपैकी कोणीतरी मिळतो, उरलेल्या चौघांना दुसऱ्या क्रमांकाचे संघ. म्हणजे गट जिंकूनही कोणाला सोपा पेपर, कोणाला अवघड.

शेवटचे दोन सामने एकाच वेळी का?

कारण गिहोन, स्पेनमधलं शहर. १९८२ चा विश्वचषक, २५ जून. अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असा धक्का दिला होता आणि आपले तिन्ही सामने आदल्या दिवशीच संपवले होते. जर्मनी-ऑस्ट्रिया सामन्यात जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकला तर दोघेही पुढं आणि अल्जीरिया बाहेर, हे दोघांनाही माहीत होतं. दहाव्या मिनिटाला जर्मनीच्या ह्रुबेशने गोल केला आणि उरलेली ८० मिनिटं चेंडू निवांत इकडून तिकडं फिरत राहिला. नियम कोणीच मोडला नव्हता, म्हणून निकाल तसाच राहिला. १९८६ पासून प्रत्येक गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात.

त्यातून काय नाट्य घडतं ते २०२२ च्या विश्वचषकात १ डिसेंबरला दिसलं. जपान स्पेनविरुद्ध २-१ पुढं होता, आणि दुसऱ्या मैदानावर ७० व्या मिनिटाला कोस्टारिकाने जर्मनीविरुद्ध २-१ अशी आघाडी घेतली. साधारण तीन मिनिटं स्पेन आणि जर्मनी हे दोन्ही माजी विजेते स्पर्धेबाहेर होते. मग जर्मनीने बरोबरी साधली, पुढं सामनाही ४-२ जिंकला. वाचला तो स्पेन, जर्मनी बाहेरच.

फिफाने ४८ संघांसाठी आधी तीन-तीन संघांचे १६ गट ठरवले होते. तीनच्या गटात शेवटच्या सामन्याला एक संघ नुसता बघत बसतो, म्हणजे गिहोनला आमंत्रणच. मार्च २०२३ मध्ये तो बेत सोडून चारचे गट कायम ठेवले. तरी एक फट राहिलीच: सगळ्या गटांची शेवटची फेरी एकाच दिवशी नसते. शेवटी खेळणाऱ्या गटांना तिसऱ्या जागेसाठी नेमके किती गुण, किती गोल लागतील हे आधीच कळलेलं असतं.

नाशकातून बघणाऱ्यासाठी एक सूचना. न्यूयॉर्कमधला दुपारी तीनचा सामना आपल्याकडं रात्री साडेबाराला असतो. शेवटच्या फेरीला एक सामना टीव्हीवर लावा आणि दुसऱ्याचा स्कोअर मोबाइलवर उघडा ठेवा. नाहीतर चेंडू मागंमागंच फिरवणारा संघ असा का खेळतोय ते कळणार नाही.

पिवळ्या कार्डावरून संघ बाहेर काढणं योग्य आहे का?

शिस्तीचे गुण म्हणजे कार्डांची वजाबाकी. पिवळं कार्ड उणे १, दुसऱ्या पिवळ्यामुळं मिळालेलं लाल उणे ३, थेट लाल उणे ४, पिवळ्यानंतर थेट लाल उणे ५. एका सामन्यात एका खेळाडूसाठी यातली एकच वजाबाकी धरतात.

२०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक, गोल सगळं सारखं होतं, आपसातला सामनाही २-२. जपानची चार पिवळी कार्डं, सेनेगलची सहा. जपान पुढं गेला. पोलंडविरुद्ध ०-१ असं मागं असताना शेवटची दहाएक मिनिटं जपानने चेंडू आपसातच फिरवला, कारण आता गोल खाणं किंवा कार्ड मिळणं हाच काय तो धोका होता. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

२०१९ च्या त्याच आशियाई चषकात शेवटची तिसरी जागा व्हिएतनामला अशीच मिळाली. व्हिएतनाम आणि लेबनॉन दोघांचेही ३ गुण, दोघांचेही गोल ४-५. लेबनॉनची कार्डं जास्त निघाली. व्हिएतनाम पुढं उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला.

मग पर्याय काय? चिठ्ठी. १९९० च्या विश्वचषकात आयर्लंड आणि नेदरलँड्स यांच्यातला दुसरा-तिसरा चिठ्ठी टाकूनच ठरला होता. कार्ड निदान खेळाडूच्या पायाने मिळतं, चिठ्ठीला तेवढाही आधार नाही.

नाशकात स्पर्धा घेणार असाल तर

गंगापूर रोड असो की इंदिरानगर, टर्फवर शनिवार-रविवारच्या स्पर्धा होतात आणि वाद बहुतेक वेळा तक्त्यावरूनच होतो. सोळा संघ, चार गट हा सगळ्यात सुटसुटीत आकडा. दहा-दहा मिनिटांचे दोन भाग, मध्यंतर आणि संघबदल धरून सामन्याला अर्धा तास पकडा. शनिवारी सगळ्या गटांच्या पहिल्या दोन फेऱ्या, म्हणजे १६ सामने, आठ तास. रविवारी सकाळी तिसरी फेरी, आठ सामने. दुपारी उपांत्यपूर्वपासून अंतिमपर्यंत सात सामने, साडेतीन तास. रविवारी सकाळी दोन तासांसाठी दुसरं टर्फ भाड्याने घ्या, म्हणजे प्रत्येक गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी होतील. तेवढा खर्च वाचवायला गेलात तर छोटं गिहोन तुमच्या डोळ्यांसमोर घडेल.

बारा संघ असतील तर चारचे तीन गट करा आणि प्रत्येक गटातल्या पहिल्या दोघांबरोबर दोन सर्वोत्तम तिसरे घ्या. आठ भरतात. दहा संघ शक्यतो टाळा. ४-३-३ असे गट पडले की चारच्या गटातल्या संघाला एक सामना, म्हणजे तीन गुण कमवायची एक संधी जास्त. नाइलाजच असेल तर गटागटांत तुलना करताना चारच्या गटातल्या शेवटच्या संघाविरुद्धचे निकाल वगळा. २०२२ च्या विश्वचषक पात्रता फेरीत उत्तर कोरियाने माघार घेतली, तेव्हा त्याचे झालेले निकाल रद्द झाले आणि बाकीच्या गटांतल्या दुसऱ्या संघांची तुलनाही पाचव्या संघाविरुद्धचे निकाल वगळूनच झाली.

न आलेल्या संघाविरुद्ध ३-० असा निकाल द्या, आणि किती मिनिटं वाट पाहणार ते आधी सांगा. पावसाळ्यात स्पर्धा असेल तर अर्धवट राहिलेल्या सामन्याचं कलम हवंच. खेळाच्या मूळ नियमानुसार असा सामना नव्याने खेळवायचा असतो, आयोजकांनी वेगळं ठरवलं नसेल तर. तुमच्याकडं तेवढा वेळ नसणार, म्हणून ‘थांबला त्या मिनिटापासून, त्याच स्कोअरवर पुढं’ असं लिहून टाका.

गुणपत्रकावर गोलांबरोबर कार्डंही लिहा आणि प्रत्येक सामना संपताच दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्या. रविवारी दुपारी कार्डं आठवायला बसलात तर कोणालाच आपलं पिवळं कार्ड आठवत नाही. आणि बरोबरी सोडवण्याचा क्रम, ‘तिघांमधून एक सुटला तर उरलेल्या दोघांसाठी पुन्हा पहिल्या कलमापासून’ या ओळीसकट, प्रवेश अर्जावरच छापा. पैसे भरताना सही केलेली असली की नंतर वाद घालायला कोणी टेबलाशी येत नाही.